मावशीची पुढची सीट

माझी मावशी सोफे भरते. लोकांना वाटतं सोफा सुतार करतो, पण सुतार करतो तो नुसता सांगाडा. त्यावर माणूस बसू शकतो तो मावशीमुळे. हे तिचंच म्हणणं आहे आणि ते ती सुताराच्या तोंडावरही सांगते. काम करताना ओठांत बारीक खिळे धरून बोलायची तिला सवय आहे. त्यामुळे तिच्याशी समोरासमोर वाद घालायला फारसं कुणी धजावत नाही.

तिच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत एक जुनी पिकअप उभी होती. काका, म्हणजे मावशीचे यजमान, होते तोवर त्या गाडीतून सोफे घरोघर जायचे. गाडी चालवायला काका आणि त्यांच्या शेजारी रस्ता दाखवायला त्यांचा धाकटा भाऊ. मावशी या दिरांना भाऊजी म्हणते, म्हणून आम्ही सगळेच त्यांना भाऊजी म्हणतो. गाव एवढंसं आणि रस्ते काकांना तोंडपाठ, तरी भाऊजींनी वर्षानुवर्षं इमानेइतबारे रस्ता दाखवला. मावशी मागे हौद्यात, सोफा धरून. सोफ्यावर नव्हे हं. गिऱ्हाइकाचा नवाकोरा सोफा मळेल म्हणून ती त्याच्या शेजारी पत्र्यावर, पाय पोटाशी घेऊन बसायची. स्वतःच्या हातांनी भरलेल्या मऊमऊ सोफ्याच्या बाजूला ही बाई पत्र्यावर हिंदकळत गावभर फिरली आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. लहानपणी मी तिच्याबरोबर मागे बसायचे आणि पुढच्यांची मला कीव यायची.

काका गेले आणि गाडी थांबली. भाऊजींना गाडी येत होती, पण ते चालवायला बसले तर रस्ता कोण दाखवणार? गाडीच्या चाकांतली हवा गेली, टपावर पाचोळा साठला. मावशीचे सोफे भाड्याच्या टेम्पोतून जाऊ लागले. टेम्पोत पुढे ड्रायव्हर आणि त्याचा मित्र, मागे मावशी.

यंदा भाऊजी निवृत्त झाले आणि त्यांनी गुलाबांचा ध्यास घेतला. गुलाबांना ऊन लागतं आणि नेमकं सगळं ऊन त्या पिकअपवर पडत होतं. गाडी दोघा भावांची, तेव्हा भाऊजींनी भंगारवाल्याला सांगावा धाडला. मावशी आडवी आली. बरीच बोलाचाली होऊन शेवटी असं ठरलं, की महिना संपायच्या आत गाडीने कुणी न ढकलता घरांच्या रांगेला एक फेरी मारून दाखवली तर ती मावशीची, नाहीतर भंगार आणि गुलाब. मावशीने त्याच दिवशी मला फोन केला. म्हणाली, "मला एकदा पुढे बसायचंय गं. बाकी काही नाही."

एवढी वर्षं मी हिला कधी विचारलंसुद्धा नव्हतं. मी सुट्टी टाकून निघाले.

पोचले तर गाडीची सीट ओसरीवर काढलेली आणि मावशी तिच्या स्प्रिंगा सुतळीने आवळत बसलेली. कुठलाही शहाणा माणूस आधी बॉनेट उघडेल. मावशीने ते उघडलंच नव्हतं. तिने जुना फोम फेकून दिला, काथ्या पिंजून भरला, वर नवा फोम चढवला आणि आपल्या दुकानातलं सगळ्यात भारी रेक्झिन, गडद जांभळ्या रंगाचं, दाभणाने शिवायला घेतलं. माझ्याकडून स्वतःची पाठ, मांडी, गुडघा सगळं टेपने मोजून घेतलं. महिना भराभरा चालला होता. इंजिनाचं काय, असं मी दबकत विचारलं.

"इंजिनावर कोण बसणार आहे?" मावशी म्हणाली.

सीट झाली तेव्हा मात्र मी तोंडात बोट घातलं. असली सीट मी मंत्र्याच्या गाडीतही पाहिलेली नाही. ती गाडीत बसवल्यावर मावशी रोज दुपारी जेवण उरकून चालवायला बसायची. काका गेल्यावर तिने मोटर स्कूलमध्ये शिकून लायसन काढलं होतं, पण स्कूलची गाडी छोटी. हिचा सराव हवा. म्हणून ती उभ्या गाडीत गिअर टाकायची, तोंडाने इंजिनाचा आवाज काढायची आणि वळण आलं की खिडकीतून हात बाहेर काढायची. फाटकाशी गुलाबांसाठी जमीन मोजत असलेल्या भाऊजींना एकदा तिने तोंडानेच हॉर्न दिला. भाऊजी बाजूला झाले, आणि मग आपण का बाजूला झालो म्हणून दिवसभर फुरंगटून बसले.

अखेर मिस्त्री आला. त्याला गावात सगळे होईलमिस्त्री म्हणतात, कारण काहीही विचारलं की तो 'होईल' म्हणतो. बॅटरी होईल का? होईल. क्लच चिकटलाय. होईल. कधी होईल? होईल. बॉनेट उघडलं तर आत उंदरांचा संसार. अर्ध्या वायरी कुरतडलेल्या आणि एअर फिल्टरच्या डब्यात घरटं, तेही मावशीच्याच दुकानातल्या काथ्याचं. मी नाक दाबून मागे सरकले. मावशीने घरटं हातात घेतलं, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि भरण एकसारखं आहे असा निर्वाळा दिला.

उघडं बॉनेट दिसलं की रस्त्याने जाणारा पुरुष थांबतोच. हे मला आजवर माहीत नव्हतं आणि आता विसरता येत नाही. जो तो यायचा, हात पाठीमागे बांधून आत डोकवायचा, जरा वेळ गंभीर व्हायचा आणि म्हणायचा, कार्ब्युरेटर. गाडी डिझेलची. डिझेलच्या गाडीला कार्ब्युरेटर नसतोच. मिस्त्रीने पहिल्या काही जणांना हे समजावून सांगितलं. पुढे पुढे तोही नुसता 'होईल' म्हणू लागला आणि माणसं समाधानाने घरी जाऊ लागली. माझं डोकं मात्र इतकं फिरलं, की मी एकदोघांना हातात पाना देऊन दाखवा म्हटलं. ते जे गेले ते पुन्हा त्या रस्त्याने आले नाहीत.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. वायरी झाल्या, ब्रेक झाले, टायर आले. राहिली होती फक्त डिझेलची टाकी. ती गंजून तिची चाळण झाली होती. मिस्त्रीने डोकं चालवून डिझेलचा कॅन मांडीवर घेतला, त्यातून एक नळी इंजिनात सोडली आणि तो ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसला. म्हणजे टाकी तोच.

तेवढ्यात भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले, त्यांनी सरळ ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता? मी मारतो फेरी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तोच मावशीने मला हाताने थांबवलं. भाऊजी चढले. भाऊजी उंच, आणि सीट मावशीच्या मापाची, म्हणजे चांगली फुगलेली आणि पुढे सरकवून पक्की केलेली. त्यांचं डोकं टपाला टेकलं, गुडघे डॅशबोर्डखाली अडकले आणि पोट स्टिअरिंगवर दाबलं गेलं. हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. भाऊजी श्वास घ्यायचे तेव्हा तो आणखी मोठ्याने वाजायचा. शेवटी मी एक हात धरला, मावशीने दुसरा, मिस्त्रीने आतून रेटलं, तेव्हा ते बाहेर निघाले.

"माझं माप आहे ते," मावशी शांतपणे म्हणाली आणि वर चढून बसली.

गाडी कुणी ढकलत नाही ना, हे बघायला पंच हवाच. पुढे जागा नाही, तेव्हा भाऊजींना मागे हौद्यात बसण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. त्यांच्यावर डोळा ठेवायला मीही चढले. मावशीने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं. मिस्त्रीने उतरून पाइपातली हवा काढली आणि परत कॅन घेऊन बसला. पुन्हा किल्ली. काळ्या धुराचा असा लोट उठला, की भाऊजींचा इस्त्रीचा शर्ट मला काही वेळ दिसेना. मग गाडी गदगदली आणि कुणी बोटही न लावता चालू लागली. मला एकदम रडू आलं. धुरामुळे नाही.

फाटक, किराणा दुकान, शाळेची भिंत. भाऊजी सवयीने मागून रस्ता दाखवत होते. डावीकडे घ्या, डावीकडे. रस्ता फक्त डावीकडेच जात होता. पाण्याच्या टाकीला वळसा घातला आणि पुन्हा आमचं फाटक दिसू लागलं. फेरी पुरी झाली होती, गाडी मावशीची झाली होती. भाऊजी उतरायला उठले आणि फाटक शेजारून निघून गेलं.

होईलमिस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला. मागची काच केव्हाच फुटलेली, त्यामुळे आतलं सगळं आम्हाला ऐकू येत होतं. ब्रेक लागत नाही का, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मावशी म्हणाली की ब्रेक उत्तम आहे, तिला लावायचा नाहीये.

पुन्हा किराणा दुकान, पुन्हा शाळेची भिंत. शाळेपाशी रस्ता उखडलेला आहे. भाऊजी एकदा हवेत गेले, पत्र्यावर आपटले, जरा सावरले तोच दुसऱ्यांदा गेले. कुठे धरावं हे त्यांना कळेना. मी त्यांना कडेची कडी दाखवली, जी मावशी धरायची. ती धरून, पाय पोटाशी घेऊन ते पत्र्यावर बसले आणि थोड्या वेळाने फुटक्या काचेतून त्यांनी हाक मारली.

"वहिनी, मागे फार दणके बसतात हो."

मावशीने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

"माहीत आहे, भाऊजी," ती म्हणाली आणि तिने वरचा गिअर टाकला.