सोन्याच्या वस्तीतली पाहुणी

माझी मुलगी कॅनडाच्या पार उत्तरेला, यलोनाइफला नर्स आहे. परवाच्या हिवाळ्यात ती सुटीवर रायपूरला आली, ती सोबत आपल्या घरमालकीणबाईंना घेऊनच. आजींचं वय ऐंशीच्या घरात, पण आमच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या गल्ल्यांतून स्कूटर चुकवत मजेत चालायच्या.

आपलं गाव राजधानी झाल्याचं आम्हाला अजून कौतुक. एका सकाळी आमच्या ह्यांनी गाडी काढली आणि आजींना नवा रायपूर दाखवायला निघालो. रुंद रस्ते, मंत्रालय, मी उत्साहानं सांगत होते. आजी नुसत्या मान डोलवत होत्या. एका बांधकामाशेजारी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या दिसल्या, तशी त्यांनी गाडी थांबवायला लावली.

"इथं काहून थांबून राहिलो?" हे कुरकुरले. "हे काय दाखवाची जागा आहे?"

मलाही ओशाळल्यासारखं झालं. पण आजी तोवर उतरल्याही होत्या.

एका खोलीपुढे भाजी चिरत बसलेल्या बाईनं लगबगीनं खाट पुढे केली. आजी बोलू लागल्या आणि माझी मुलगी ते तिला हिंदीत सांगू लागली. आजींचा जन्म यलोनाइफमधल्या अशाच वस्तीतला. तिथल्या खडकात सोनं सापडलं म्हणून माणसं धावत आली. तळ्याकाठी तंबू पडले, फळकुटांच्या खोल्या उभ्या राहिल्या. वडील खाणीत उतरायचे. हिवाळ्यात तळ्यावरचं बर्फ फोडून पाणी आणावं लागे. आई दुपारी वस्तीतली मुलं गोळा करून त्यांना वाचायला शिकवायची. हळूहळू पक्की घरं झाली, दवाखाना झाला, सरकारी कचेऱ्या आल्या, आणि ती वस्ती त्या प्रदेशाची राजधानी झाली. पुढे सोन्याच्या खाणी बंद पडल्या.

"सोना ख़तम हो गया, तब भी नहीं गए?" त्या बाईनं विचारलं.

"कुठे जाणार?" आजी हसल्या. "आम्ही मुलं तिथंच वाढलो होतो."

"हव," तिनं होकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, काम संपलं की आम्हाला दुसरीकडे जावं लागतं, आणि दर वेळी पोरीची शाळा सुटते. पोरगी दाराआडून आमच्याकडे बघत होती.

आम्ही परत निघालो. तात्यापाऱ्यातल्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या दुपारी रिकाम्याच जात होत्या. घर जवळ आल्यावर मी ह्यांना विचारलं, "मले मंगळवारी तिकडे सोडून द्याल का?"

"सोडतो न," हे म्हणाले. "पण मी तिथं काय करू?"

आता हे तिथे मोठ्या मुलांना गणित शिकवतात आणि माझ्यापेक्षा जास्त ओरडतात. त्या बाईच्या नवऱ्याला तिथल्याच एका बागेत माळ्याचं काम मिळालं. त्यांनी जवळच्या गावात खोली घेतली आणि पोरीचं नाव तिथल्या शाळेत घातलं. मंगळवारी आमची गाडी दिसली, की दप्तर पाठीवर टाकून ती आमच्यामागे वस्तीकडे धावत सुटते.