पाय टेकू नकोस

अंधेरीच्या आरटीओबाहेर एक काका लोकांचे फॉर्म भरून देत बसायचे. पेन कानावर आणि नजर टेस्टच्या मैदानावर. नाव मी कधी विचारलं नाही.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि स्कूटरवर आठचा आकडा काढताना मात्र दोनदा नापास. फिरतीची नोकरी लागली होती, लायसन्सवाचून ती जाणार होती. दोन्ही वेळा दादा कडेला उभा राहून ओरडला, "पाय टेकू नकोस हां!" दोन्ही वेळा पाय टेकला.

तिसऱ्या खेपेला काकांनी त्यालाच झापलं. "ए हिरो, गप ना! तू पाय पाय करतोस, तिला पायच आठवतो." मग मला म्हणाले, "ताई, वळायचंय तिथे बघा. बस्स."

मी पास झाले. पेढे द्यायला गेले तेव्हा विचारलं, "काका, तुम्ही कुठली गाडी चालवता?"

"कुठलीच नाही. लहानपणी आई म्हणायची, गाडीला हात लावलास तर मरशील." ते हसले. "साठी उलटली, अजून जोगेश्वरीहून चालत येतो."

"एवढं सगळं कळतं तुम्हाला, तरी?"

मी स्कूटरची चावी पुढे केली. हसत हसतच त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.