जागृतीच्या रोबोची चाल

सिंदी मेघ्यात अनुप ऑटोवाल्याचं घर विचारलं त कोणी सांगणार नाई. रोबोवालीचं घर विचारा, लहान लेकरूही फाटकापर्यंत आणून सोडते. आंगणात टिनाच्या शेडखाली तो उभा राहे. पितळी रंग, कुलरच्या पत्र्याचं धड, वॉशिंग मशीनच्या ड्रमचं पोट, अन् डब्यासारख्या डोक्यात एकच लाल डोळा, तोही मोटारसायकलच्या मागच्या दिव्याचा. हे सारं अनुपच्या बायकोनं, जागृतीनं केलं होतं. सावंगीच्या दवाखान्यात पडल्या-झडल्या लोकायले पुन्हा चालणं शिकवतात, त्या खोलीत ती मदतनीस. दिवसभर दुसऱ्यायच्या कमरेचा पट्टा धरून मागं मागं फिरायचं, अन् घरी आली का कानस घेऊन पत्रा घासत बसायचं.

शेजारची दिपाली भिंतीवरून विचारे, "काय व ताई, भांडे घासते का तुया रोबो?"

"घासते," जागृती म्हणे, "पण तुया घरचे नाई."

याचं मूळ तिच्या माहेरी, हिंगणीत. जागृती शाळेत होती तेव्हा जयंतीच्या वर्गणीतून गावात व्हिडिओ आणला होता. पहिली कॅसेट संपली, दुसरी लावली, ते हिंदीत बोलवलेला कोणता तरी विलायती पिक्चर निघाला. नाव तिले आजही नीट सांगता येत नाई. त्यात हा रोबो धुरानं भरलेल्या बोगद्यातून एकटाच दाराकडे जाते. एक पाय ठाम टाकते. दुसरा टाकताना खांदा खाली सोडते, जसं काही जमिनीले विचारते, टाकू का. तो दारापाशी पोचाच्या आत लाइन गेली. बाकीचे लेकरं बोंबलत घरी गेले. जागृती अंधारात तिथंच बसून राह्यली.

पुढं लग्न झालं, नोकरी लागली, घरात मोबाइल आला, अन् एक दिवस तो पिक्चर सापडला. रोबो दारापाशी पोचते, दार लावते, खतम. एवढ्यासाठी आपण इतके वर्षं झुरलो का, असं तिले वाटलं. पण चाल तीच होती. ती तिनं पुन्हा पाह्यली, मंग पुन्हा, अन् दुसऱ्या दिवशी कबाड्याच्या दुकानात जाऊन उभी राह्यली.

पिक्चर जागोजागी थांबवून तिनं मापं काढली. दाराच्या मानानं हात केवढा, पोट केवढं. छातीवर भोकं होते, तिनंही तितकेच पाडले. धड तयार झालं तोवर कोणाले काही त्रास नोता. त्रास सुरू झाला पायायपासून. गाडीची काच पुसणाऱ्या मोटरा आणून तिनं गुडघ्यात बसवल्या. पहिल्या बारीले रोबो वाळत्या लुगड्यायवर तोंडघशी पडला. मंग तोल सांभाळला, त चालला असा का जशी सव्वीस जानेवारीची परेड. दिपालीनं सांगितलं का चाकं लाव, तान्ह्या पोळ्याले लेकरायच्या लाकडी नंदीले लावतात तसे, दोरी बांध अन् ओढ. अनुप म्हणे, पिक्चरमधल्या रोबोच्या आत माणूस असन, कायले मोटरा जाळून राह्यली. जागृती त्याले वेड्यात काढे. लहानपणी तिनं रोबोले यंत्र म्हणून पाह्यलं होतं, अन् ते यंत्रच होतं. आता तिले नुसता रोबो नोता पाह्यजे. तशी पत्र्याची मूर्ती त कोणीही उभी करते. तिले ती चाल आपल्या आंगणात, आपल्या डोळ्यानं पाह्यची होती.

घरात सासू होती, तानाबाई. अंगानं लहानशी, जिभेनं मोठी. तिचा खुबा दुखे. जागृती व्यायाम सांगाले गेली का म्हातारी म्हणे, दवाखाना दवाखान्यात ठेवत जा, घरी आणत नको जाऊ.

एका संध्याकाळी तानाबाई अंबाडीची जुडी घेऊन फाटकातून आत आली. एक पाय ठाम. दुसरा टाकताना खांदा खाली. जागृती पान्हा घेऊन बसली होती, ती तशीच पाहत राह्यली. रोज डोळ्यापुढं चालणारी बाई, अन् आज दिसली. तिनं हळूच मोबाइल काढला अन् सासूचं चालणं टिपलं. खोलीत जाऊन पिक्चरमधली अन् सासूची, दोन्ही चाली एकीमागं एक लावल्या. मोटर नाई, यंत्र नाई. पत्र्याच्या आत माणूसच होता, अन् त्याचा खुबा दुखत होता. अनुपले जे पहिल्या दिवशी समजलं, ते हिले आता समजलं.

तिनं अनुपले दाखवलं. अनुपले हसू आलं. हसता हसता तो "अरे, ही त माय" असं बोलून गेला, अन् माय दारात उभी होती.

तानाबाईनं पडद्यावर आपल्याले चालताना पाह्यलं. आवाज चढवला असता त बरं झालं असतं.

"माया लंगडेपनाचा पिक्चर काढला व तू?"

त्या दिवसापासून जागृती घरी असली का तानाबाई बाजेवरून उठे नाई. पानी अनुपले मागे. सून दवाखान्यात गेली का मंग आंगण झाडे, फिरे, सारं करे. जागृतीनं माफी मागितली, ते टिपलेलं मोबाइलमधून पुसून दाखवलं, झुणका केला. म्हातारीनं झुणका खाल्ला, पण हलली नाई. सासू रुसली अन् चालही गेली.

शेवटी जागृतीनं जे आधी कराले पाह्यजे होतं ते केलं. बोगद्याचा तुकडा लावला अन् मोबाइल सासूच्या हातात देला. "आई, मी तुमाले नाई हसली. याले पाहा, अन् मंग काय बोलाचं ते बोला."

तानाबाईनं पाह्यलं. मोबाइल डोळ्याजवळ नेला. "पुन्हा लाव." मंग पुन्हा. रोबो दारापाशी पोचला तशी ती म्हणाली, "याचा खुबाच हाय. एवढं दुखून राह्यलं त याले बसाले काऊन नाई देलं कोनं?"

हे जागृतीले माहीत नोतं. पुढचंही काही माहीत नोतं. आत बाई का माणूस, पानी कसं पेत असन, पाठ खाजली त काय करत असन, अन् एकदा आत गेला का बाहेर काढे कोण? म्हातारीच्या शंका दोन दिवस सरल्या नाईत. तिसऱ्या दिवशी ती स्वतः उठून, सुनेच्या समोरून चालत शेडखाली गेली अन् पत्र्यावर टिचकी मारली.

"हे मागून उघडते का? मी जाऊन पायतो."

जागृतीनं मोटरा काढल्या. पाठ कापली, बिजागऱ्या लावून दार केलं. कडा कापडानं मढवल्या, आत खांद्यावर यावे म्हणून पट्टे बांधले. अनुप मावतच नोता, त्याचं डोकं रोबोच्या डोक्यात अडके. तानाबाई बरोबर बसली. तिचं तोंड छातीच्या भोकायपाशी आलं. दार लावलं. काही वेळ नुसती चुळबुळ ऐकू आली. मंग पाय उचलला.

एक पाऊल ठाम. दुसऱ्या पावलाले खांदा खाली, थोडं थांबणं, मंग टेकणं. पोटाचा ड्रम घुमत होता. हापशापासून फाटकापर्यंत तीच चाल, अगदी तीच. भिंतीवरून दिपाली पाहत होती. जागृती पापणी न हलवता पाहत राह्यली.

फाटकापाशी रोबो थांबला. आतून आवाज आला, "लंगडा नोता तो."

"काय म्हनता, आई?"

"लंगडा नोता, म्हन्तो ना. इथून खालचं काईच दिसत नाई. खांदा सोडला का मंग खालच्या भोकातून जमीन दिसते, तवा पाय टाकता येते. खुबा दुखो का न दुखो, आत जो जाईन तो असाच चालन." जरा थांबून म्हणाली, "उघड आता. मले वाटलं होतं, सोबती भेटला."

जागृतीनं दार उघडलं. दिवसभर लोकायच्या चाली पाह्यणारी ती, तिनं रोबोचा खुबा दुखते म्हणून ठरवून टाकलं होतं, अन् सासूलेही तेच वाटलं होतं. म्हातारी घाम पुसत बाजेवर बसली, खुबा दाबत. जागृतीले अजूनही पटत नोतं. आईचा खुबा दुखतेच ना, मंग काय सांगावं, कशानं खांदा पडला?

"तुया खुबा त चांगला हाय ना," तानाबाई म्हणाली. "तू जाऊन पाय."

आत गेलं त चाल पाह्याले भेटणार नाई, एवढं जागृतीले कळत होतं. पण आता न जाऊन जमत नोतं. तिनं पट्टे खांद्यावर घेतले. सासूनं मागून दार लावलं. आत गरम होतं, पत्र्याचा अन् अंबाडीचा वास होता. भोकातून फाटकाचा वरचा गज दिसे, दिपालीचं डोकं दिसे, आपले पाय दिसत नोते. तिनं सरळ, ताठ चालायचं ठरवलं. एक पाऊल टाकलं. दुसरं उचललं, अन् जमीन कुठं आहे ते समजेना. खांदा आपोआप खाली गेला. भोकात फरशीचा तुकडा आला. मंग पाय टेकला.

 बाहेरून तानाबाईचा आवाज आला, दिपालीले सांगत होती, "पाय व, कसा चालून राह्यला."