पडद्यावरची पिस्तुलं आणि फौजीण मावशी

सिनेमातला नायक छातीत गोळी लागून पडला, आम्ही सगळ्याजणी डोळ्यांना पदर लावून बसलेल्या, आणि आमची फौजीण मावशी शेंगा फोडत म्हणाली, "समोरच्याच्या रिव्हॉल्वरात गोळ्याच उरल्या नव्हत्या. मग मेला कशानं ह्यो मुडदा?" झालं! रडू कुठल्या कुठं पळालं. आई तिच्यावर खेकसली, "अक्का, जरा सुखानं रडू तरी देत जा की गं!"

मावशी आईची थोरली बहीण. पूर्णेला स्टेशनच्या मागच्या गल्लीत तिचं घर. मी बोरीहून कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला गेले. रुळावरून गाडी धडधडत गेली की टीव्हीचा आवाज ऐकू यायचा नाही, पण मावशीचं काही अडायचं नाही. कोण कुणाचा मुलगा, कुणी कुणाला दगा दिला, याच्याशी तिला देणंघेणंच नव्हतं. पडद्यावर पिस्तूल निघालं की ती खुर्चीतून पुढे सरकायची. "हे इटलीचं हाय. वरून नळी उघडी दिसती बग." नाहीतर, "हे इंग्रजाचं. मधून मोडतं, तवा गोळ्या भरायच्या." एकदा मी रिव्हॉल्वरला पिस्तूल म्हटलं, तर दिवसभर बोलली नाही. रात्री भाकरी वाढताना म्हणाली, "गोल फिरतं ते रिव्हॉल्वर, मुठीतून भरतं ते पिस्तूल. शिकल्या-सवरल्या लेकरानं म्हशीला गाय म्हणू नाही."

निजामाच्या काळातली एक मालिका लागायची. तिच्यात रझाकारानं चकचकीत काळं पिस्तूल काढलं आणि मावशीचा पारा चढला. "अरे, हे पिस्तूल निघालं तवा ह्याच्या नातवाचं लगीन झालं आसंल! कामून फसवायलेत लोकाला?" मालिकेवर तिनं त्या दिवसापासून बहिष्कार टाकला. शेजारच्या बायकांनाही बघू देईना.

ही विद्या तिला नवऱ्याकडून, म्हणजे आमच्या काकांकडून मिळाली होती. काका फौजेत हत्यारं दुरुस्त करायचे. माणूस भारी अबोल, पण हत्याराचा विषय निघाला की थांबायचं नाव नाही. मावशी हसत सांगायची, "दुसऱ्याचे नवरे बायकोला गाणी म्हणून दाखवायचे, आमच्या ह्यांनी पिस्तूल खोलून कसं पुसावं ते सांगितलं. मी बी ऐकलं. दुसरं काय बोलतच नव्हते, मग काय करती?" मी गेले तेव्हा काका वारून बरीच वर्षं झाली होती. तरी पडद्यावर कुणी पिस्तूल वेडंवाकडं धरलं की ती म्हणायची, "हे असते तर आता लय चिडले असते." टीव्हीच्या निमित्तानं तिचं काकांशी बोलणं चालू असायचं. मला तिची फार माया यायची तेव्हा.

शिक्षण संपलं आणि येलदरीचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक. बघायला आला तेव्हा पोह्यातली मिरची चावली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी "मस्त झालेत" म्हणाला. मला तो आवडला. अगदी मनापासून. सगळं जुळत आलं आणि भावकीतल्या एका शहाण्यानं माझ्या वडिलांच्या, आबांच्या मोबाइलवर फोटो धाडला. फोटोत माझा होणारा नवरा डोळे वटारून, हातात काळं पिस्तूल घेऊन उभा. आबा भडकले. मुलाकडून निरोप आला की गणपतीतल्या नाटकात फौजदार झालो होतो. "सगळे असंच म्हणतात," म्हणाले आबा. "गुंडाच्या घरी लेक देणार नाही."

मी पूर्णेला धावले. मावशीच्या पाया पडले. "मावशी, काहीही कर, पण ते पिस्तूल खोटं आहे म्हणून सांग."

"बगितल्याबिगर न्हाई सांगणार," ती म्हणाली. "पिस्तुलाच्या बाबतीत मी कुणासाठी खोटं बोलले न्हाई. तुझ्यासाठी बी न्हाई."

ती बोरीला आली. चष्मा पुसला, फोटो मोठा केला आणि बघतच राहिली. चहा गार झाला. आबा येरझारा घालायला लागले. शेवटी म्हणाली, "दाजी, ह्याचा अंगठा बगा. काळा झालाय. लोखंडाचा रंग हाताला लागतो का? बुटाचं पालीश फासलंय प्लास्टिकला."

"खोटं असेल," आबा म्हणाले, "पण पिस्तूल मिरवणारं पोरगं ते. अक्का, माझं मन घेईना."

माझा धीर सुटला. मावशीनं मोबाइल पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "आणखी एक बगा. बोट कसं सरळ ठेवलंय. चापावर बोट न्हाई त्याचं. आमचे हे म्हणायचे, ज्याचं बोट चापावर न्हाई त्याचं डोकं ठिकाणावर. खेळण्यातलं पिस्तूल बी जो जपून धरतो, तो तुमच्या लेकीवर हात टाकंल का? द्या पोरगी."

आबांनी मोबाइल तिच्याकडून घेऊन खिशात टाकला. मग आईला म्हणाले, "साखर आण."

लग्न झालं. संसार सुखाचा आहे, मावशीचा शब्द खरा ठरला. मागच्या दिवाळीत जुने फोटो बघताना तो फोटो निघाला. मी नवऱ्याला मोठ्या कौतुकानं म्हटलं, "किती जपून धरलं होतंस रे!" तो पोट धरून हसला. "जपून कसलं? चाप तालमीतच तुटला होता. बोट घातलं की टोचायचं." मी फोटो मोठा करून पाहिला. खरंच, चापाच्या जागी मोकळी कडी! काळा अंगठा जिला दिसला, तिला हे दिसलं नसेल?

भाऊबीज झाली तशी पूर्णेला गेले. मावशी आजारी होती, अंथरुणावरच. त्यानंतर ती फार दिवस जगली नाही. मी लटक्या रागानं म्हटलं, "मावशे, पिस्तुलाच्या बाबतीत खोटं बोलत नाहीस ना तू? त्याला चापच नव्हता!"

"मग? चापावर बोट न्हाई म्हणले. होतं का?" तिचे डोळे लबाड हसत होते.

"आणि तो खरंच गुंड निघाला असता तर?"

तिनं माझी हनुवटी धरली. "पोह्याची मिरची खाऊन मस्त म्हणला, हे तूच सांगितलं होतंस की मला. आगं, फोटू मागून बगितला मी. आदी तुझं तोंड बगितलं होतं."