आमच्या घरमालकांची भाडेवाढ

भाडेकरूंना घाबरणारा घरमालक जगात एकच झाला असेल आणि तो बालीगंजमध्ये नेमका आमच्या वाट्याला आला. ह्यांची बँकेतली बदली कोलकात्याला झाली, तेव्हा ओळखीतून हे घर मिळालं. घरमालक काका तिथेच जन्मलेले मराठी, निवृत्त शिक्षक, एकटे. खाली पुढच्या बाजूला भाड्याने दिलेलं औषधांचं दुकान, मागच्या खोलीत ते स्वतः आणि वर आम्ही. वर यायचं तर आधी जिन्यात खोकायचे, मग खालूनच विचारायचे, येऊ का म्हणून. स्वतःच्या घरात हो! भाडेवाढीची नोटीस ते दरवर्षी सुवाच्य अक्षरात लिहून आणायचे, चहा घ्यायचे, माझ्या मुलीचं मराठी शुद्धलेखन तपासायचे आणि नोटीस तशीच खिशात घेऊन उतरायचे. एकदा मीच विषय काढला, तर म्हणाले, आज तुमच्याकडे पाहुणे आहेत, बरं दिसत नाही. पाहुणे म्हणजे कोण, तर माझी सख्खी बहीण!

मग गच्ची गळायला लागली आणि सगळी गंमत संपली. दुरुस्ती करा, नाहीतर घर प्रोमोटरच्या, म्हणजे तिथल्या बिल्डरच्या, घशात घाला, अशी वेळ आली. आम्ही आपणहून भाडं वाढवून दिलं. औषधवाला मात्र कायद्यातल्या भाडेवाढीच्या मर्यादेपुढे तसूभर सरकेना. वकील म्हणाला, दोनच भाडेकरू असलेल्या छोट्या मालकाला या मर्यादेतून सूट मिळते, अर्ज करा. काकांनी अर्ज केला आणि भाडेकरूंच्या रकान्यात आमच्या आणि औषधवाल्याच्या जोडीला जिन्याखाली फुकट राहणारी एक विधवा मावशी आणि ओट्यावरचा इस्त्रीवाला, यांचीही नावं घातली. चार भाडेकरू म्हणजे हे कसले छोटे मालक, म्हणून अर्ज नामंजूर.

मी भयंकर चिडले. ती दोघं तुम्हाला दमडी देत नाहीत, त्यांना कशाला घुसडलंत, असं तोंडावर विचारलं. काका चोरट्यासारखे खाली बघत म्हणाले, "मी अर्ज भरताना ती दोघं शेजारीच उभी होती हो. त्यांच्यादेखत त्यांना कसं वगळायचं?" नवीन अर्ज करा म्हटलं, तर तेही जमेना. ती इथली नाहीत, असं सहीनिशी लिहायला त्यांचा हात धजला नाही.

घर गेलं. आलेल्या पैशातला मोठा वाटा काकांनी त्या दोघांच्या सोयीसाठी देऊन टाकला आणि स्वतः कोलकात्याबाहेर बजबज नावाच्या गावी एक खोली भाड्याने घेतली. गेल्या महिन्यात आम्ही भेटायला गेलो. नळ कोरडा, म्हातारा माणूस खालून बादल्या आणतोय. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, तुम्हाला अनुभव आहे म्हणून विचारतो. मालकाकडे तक्रार करायची असेल, तर नेमकं काय म्हणतात?"

मला रडूच फुटलं. सहा वर्षं त्यांच्या घरात राहिले, पण ते वाक्य म्हणायची माझ्यावर कधी वेळच आली नव्हती, तर ते मला येणार कुठून?