चाळिसातले तीन तुकडे

आमच्या सुनेच्या हाताला कुणी नावं ठेवली, हे आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

ती प्रयोगशाळेत पट्ट्या वाकवते. एवढं सांगितलं की शेजारी हसतात. हसा बापडे. कागदासारखी पातळ पट्टी असते. द्रवरूप नायट्रोजनच्या जीवघेण्या गारठ्यात बुडवली, की वीज तिच्यातून जराही वाया न जाता धावते. पण यंत्रात तिचं वेटोळं करावं लागतं, आणि फार वाकली तर आतला थर तडकतो. कितपत वाकवलेली चालेल, हे शोधणं सुनेचं काम. दांडीवर तुकडा वाकवायचा, बुडवायचा, वीज मोजायची.

एकदा एकाच रिळाचे चाळीस तुकडे तिनं एकाच दांडीवर वाकवले. सदतीस ठणठणीत. तीन तुकड्यांची वीज मात्र निम्म्यावर आली.

मोठे साहेब म्हणाले, "ते तीन गाळा. तुमचा हात हलला असणार. सरासरी काढा आणि सही करा."

बारा वर्षांची नोकरी, आणि हात हलला म्हणे. त्या अहवालाच्या भरवशावर दवाखान्यातलं यंत्र बनणार होतं.

घरी येऊन सून ताटावर नुसती बसून राहिली. म्हणाली, "आबा, खरंच हलला असेल का हो?"

"अगं, विहिरीच्या दोराला एका जागी कूज लागली, तरी दोर तुटून पोहरा तळाला जातो. बाकीचा दोर किती चांगला, हे पोहरा विचारत नाही. सही करू नकोस."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच रिळाचे वीस नवे तुकडे साहेबांपुढे ठेवले. "सर, तुमचा हात स्थिर आहे. तुम्हीच वाकवा."

साहेबांनी बाह्या सरसावल्या. दहा तुकडे झकास गेले, तसे साहेब मिशीत हसले. अकराव्याला आकडा धाडकन निम्म्यावर.

"ही पट्टीच सगळीकडे सारखी नाहीये," साहेब पुटपुटले.

"तेच लिहितेय मी, सर."

अहवालात सगळे तुकडे गेले. सरासरीसोबत ते तीनही, आणि साहेबांचा चौथाही. माफी मात्र साहेबांनी आजतागायत मागितलेली नाही.

घरी आल्या आल्या सून म्हणाली, "आबा, माझा हात नव्हता हलला." एवढी खात्री पटायला तिला साहेबांचा हात लागावा, राग आहे तो याचाच.