औषधाच्या फळीवरचा चमचा

आमच्या घरात चमचे पुष्कळ होते, पण ते डब्यांत राहायचे. एक साखरेच्या डब्यात, एक कॉफीच्या, एक तुपाच्या भांड्यात. चमचा तोंडात घालणं ही इस्पितळातल्या माणसांची सवय, असं माझी पत्नी मानायची. जेवायचं ते हातानं, केळीच्या पानावर. प्यायचं ते भांडं ओठांपासून वीतभर वर धरून. कुंभकोणमला सगळेच कॉफी अशी पितात, पण तिच्यासारखी सफाई मी कुणाची पाहिली नाही. पितळी पेल्यातून गरम कॉफीची बारीक धार तिच्या तोंडात पडायची, तेवढ्यापुरतं बोलणं थांबायचं आणि जिथे थांबलं तिथूनच पुन्हा सुरू व्हायचं. भांड्याला ओठ लागला की ते उष्टं, आणि उष्टं भांडं इतर भांड्यांत मिसळायचं नाही.

स्वयंपाक करताना ती चवही बघत नसे. देवाला नैवेद्य दाखवण्याआधी अन्न जिभेला लावायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मग मीठ बरोबर पडलं हे कसं कळायचं? लग्नानंतर लवकरच मी हे विचारलं होतं.

"वासानं," ती म्हणाली.

"मिठास वास कुठला?"

"तुमच्या पुस्तकांत नसेल."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. मराठे राजांच्या काळात आमचे पूर्वज इकडे आले, त्यांच्याबरोबर आलेली मराठी आम्ही घरात बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ. लिहायची मराठी मी टपालाने मागवलेल्या पुस्तकांतून शिकलो, म्हणून लिहिताना वेळ लागतो. ती जाऊन आता वर्ष होत आलं. तिच्याबद्दल सगळं लिहिणं मला जमणार नाही. एका चमच्याबद्दल लिहितो, कारण त्याचे आभार मानायचे राहून गेले आहेत.

तिचं हृदय अशक्त झालं होतं. पायांवर सूज यायची, जिना चढताना दम लागायचा. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलं. दिवसभराच्या सगळ्या जेवणाला मिळून एक चिमूट. ओट्याशी उभं राहणं तिला होईना, तेव्हा स्वयंपाक माझ्याकडे आला. मी दोघांसाठी एकच रांधायचो, तिच्या पथ्याचं.

"तुम्हांस काय जालं आहे? तुम्ही मीठ घालून खा की."

मी नको म्हणायचो. तिला वाटायचं मी तिच्यासाठी त्याग करतो आहे. खरं म्हणजे दोन सांबार वेगळी करायची म्हटली की माझा गोंधळ उडायचा.

पथ्य तिनं पाळलं, पण जेवण सुटलं. भाताचे चार घास घ्यायची आणि पान दुमडायची. "मातीसारखं लागतं," एवढंच म्हणायची. तक्रार करणं तिच्या स्वभावात भरपूर होतं, आणि ती तक्रारसुद्धा करत नव्हती, याची मला जास्त भीती वाटू लागली. बांगड्या मनगटावरून सरकून कोपरापाशी जायला लागल्या. तिची औषधं आणायला मी एकटाच गेलो होतो, तेव्हा डॉक्टर तमिळमध्ये म्हणाले, "औषधं मी देईन हो सर. पण पोटात अन्नच नसेल तर ती कुणाच्या जोरावर काम करणार? त्यांना जेवायला लावा." घरी येताना बसमध्ये मी दारासुरमच्या थांब्यापर्यंत तसाच पुढे गेलो, उतरायचं भान राहिलं नाही.

आमची मुलगी जपानमध्ये इंजिनियर आहे. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "अप्पा, इथे एक चमचा मिळतो. पाठवतें."

चमचा आला. पांढरा, जाड दांड्याचा, लहान मुलाच्या खेळण्यासारखा दिसणारा. दांड्यात बॅटरी आणि एक बटण. बटण दाबत गेलं की जोर वाढतो. त्यातून अगदी सौम्य वीज वाहते, जाणवणारही नाही इतकी, आणि अन्नात जे थोडं मीठ असतं तेच जिभेला जास्त खारट लागतं. मीठ वाढत नाही, फक्त चव वाढते. मुलीनं फोनवर दोनदा समजावलं. मी ते पत्नीला समजावलं.

"म्हणजे जिभेस फसवायचं," ती म्हणाली.

"तसंच काहीसं."

"आणा बघू."

मी सार केलं होतं, मिरी-जिऱ्याचं. वाटीत वाढलं, चमच्याचं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. तिनं चमचा भरून घेतला, मान मागे टाकली, सार तोंडात गेलं. आम्ही दोघं वाट पाहत राहिलो.

"कसं?"

"मातीचं सार."

जोर वाढवला. पुन्हा तेच. बॅटरी बदलली. दुसऱ्या दिवशी सांबाराबरोबर, तिसऱ्या दिवशी पातळ वरणाबरोबर करून बघितलं. शेवटी तिनं चमचा खाली ठेवला. "जपानच्यांनी तुमच्या लेकीस बरं फसवलं. तिला सांगू नका. वाईट वाटेल."

पण मुलीनंच रविवारी व्हिडिओ कॉल केला. आम्ही जेवायला बसलो होतो. मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. मुलगी म्हणाली, "दाखव बघू आई, कशी खातीस." तिचं मन मोडू नये म्हणून पत्नीनं चमचा उचलला, भरला, वीतभर वर धरला आणि सार तोंडात ओतलं. एक थेंब सांडला नाही.

फोनमधून हसण्याचा असा आवाज आला की तांब्या हलला.

"आई! तू वरून ओततीस?"

"मग कसं?"

"अगं, तो तोंडात घालायचा! चमच्यास जीभ लागली तरच वीज फिरते. हातातून, चमच्यातून, जिभेतून. मधेच तुटली तर काय होणार? अप्पा, तुम्ही बघत होता ना?"

मी बघत होतो. मला त्यात वावगं काही दिसलंच नव्हतं. मी स्वतः औषधसुद्धा वरून ओतून घेतो. जपानमध्ये ज्यांनी हा चमचा बनवला, त्यांनी हजार गोष्टींचा विचार केला असेल. चमचा हातात घेऊन तो ओठांना लागू न देणारी माणसं जगात आहेत, हे त्यांना कुठून सुचणार?

"उष्टा चमचा पुन्हा वाटीत बुडवायचा?" पत्नीनं विचारलं. तिला हे हसण्यासारखं वाटलं नाही.

"वाटी तुझीच आहे, आई."

"तू तिथे असंच करतीस?"

"मी काड्यांनी जेवतें."

"देवा कृष्णा! काड्या तोंडात?"

"अगदी आतपर्यंत."

पत्नीनं माझ्याकडे बघितलं, जणू या मुलीला मीच बिघडवलं. मी धर्मग्रंथांतून काही आधार काढून सांगावा म्हणून तोंड उघडलं, पण तिनं हात वर करून थांबवलं. माझ्या आधारांचं तिच्यापुढे कधी चाललं नव्हतं. फोनवर मुलगीही हसायची थांबली होती. "आई," ती हळू म्हणाली, "तू जेवत नाहीस म्हणून अप्पांचा आवाज बदलला आहे. मला फोनवर कळतं."

पत्नी चमच्याकडे बघत बसली. उलटा केला, दांडा बघितला, हिरवा दिवा बघितला. मग म्हणाली, "हा चमचा नव्हेच. हे औषध. ह्यास स्वयंपाकघरातल्या भांड्यांत ठेवायचं नाही. तिकडे औषधाच्या फळीवर ठेवा, गोळ्यांजवळ. धुवायचा पण वेगळा."

"ठेवतो," मी म्हणालो.

"आणि वाटी पण ह्याचीच."

"बरं."

तिनं चमचा भरला. डोळे मिटून तोंडात घातला, आणि थर्मामीटर धरावं तसा तोंडातच धरून बसली. मी बटण मघाशी सगळ्यात वरच्या जोरावर नेऊन ठेवलं होतं, ते कुणाच्या लक्षात नव्हतं. तिच्या भुवया वर गेल्या. तिनं चमचा बाहेर काढला.

"मीठ जास्ती जालं."

मुलगी फोनमध्ये ओरडली. मी जोर कमी केला. तिनं दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला, मग माझ्याकडे वळली.

"हे सार तुम्ही केलं?"

"हो."

"चिंच कच्ची राहिली. उकळू दिलीच नाही. इतके दिवस हेच वाढत होतां मज?"

इतक्या महिन्यांनी मला कुणी रागावलं होतं. मी हो म्हणालो. तिनं सार भातावर घालून घेतलं आणि सगळं संपवलं.

त्यानंतर आमच्या घरात पुन्हा स्वयंपाक सुरू झाला, असंच म्हणायला हवं. ती ओट्याजवळ खुर्ची टाकून बसायची. मी करायचो, ती सांगायची. नैवेद्याआधी चव बघायची नाही हे मलाही लागू झालं, त्यामुळे चूक कळायची ती जेवताना, पानावर, चमच्यामुळे. मेथी करपली. हिंग विसरलां. वांगं अजून दोन उकळ्या मागत होतं. सांबाराला हलका जोर, साराला मधला, हेही तिनंच ठरवलं. ताकाला चमचा लागत नाही म्हणाली. ताक ती आधीसारखीच पेल्यातून वरून प्यायची. चमचा काही चमत्कार नव्हता. कोरड्या भाजीवर त्याचा फारसा उपयोग होत नसे, आणि कधी तिला तोंडात धातूची चव राहायची. पण ती जेवत होती. डॉक्टरांच्या वजनकाट्यावर काटा पहिल्यांदा उलट्या बाजूला हलला, तेव्हा ते म्हणाले, "काय केलं सर?" मी चमचा सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला.

एकदा तिनं मुलीला विचारलं, "हा करणारा कोण?" मुलगी म्हणाली, एक कोण नाही, पुष्कळ जण आहेत, वर्षानुवर्षं प्रयोग करत होते. पत्नी म्हणाली, "त्यांच्या घरी कुणी म्हातारं मनुष्य जेवत नसेल. त्याशिवाय असलं सुचत नाही." तिनं त्यांना द्यायला सारपूड करायला लावली. मुलगी सुट्टीत आली तेव्हा घेऊनही गेली. त्यांच्यापर्यंत ती पोचली का, मला ठाऊक नाही. ते लोक कुठे बसतात हे मुलीलाही ठाऊक नव्हतं. तिनं ऑफिसातल्या मैत्रिणींना वाटली असावी. मला त्यातही समाधान आहे.

हृदय शेवटी थकलंच. ते चमच्याच्या हातात नव्हतं, डॉक्टरांच्याही नव्हतं. पण मधले ते महिने आम्हांला मिळाले, आणि त्यांत ती उपाशी राहिली नाही. ज्यांची नावं मला कधी कळणार नाहीत, त्या माणसांचं हे देणं आहे.

शेवटच्या आठवड्यात ती पलंगावरच जेवायची. उशांना टेकून, वाटी माझ्या हातात, चमचा तिच्या. एके दुपारी म्हणाली, "मिरी जास्ती. उद्यां कमी घाला."

दुसऱ्या दिवशी मी मिरी कमी घातली. तिनं पहिला चमचा तोंडात घेतला, सावकाश गिळला. मी विचारलं, बरं झालं का? तिनं वाटी संपवली, आणि आणखी वाढा म्हणून रिकामी वाटी बोटानं माझ्याकडे ढकलली.